दुसरा गाल पुढे करायचा, मग पोलिसांत जायचं नाही का?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ती धर्म मार खायला शिकवतो, ख्रिस्ती माणसाने गुन्ह्याची तक्रार करायची नसते आणि गुन्हेगाराने पाद्रीपुढे कबुली दिली की त्याची पाटी कोरी.

आधी गालाचं पाहू. ‘कोणी तुझ्या उजव्या गालावर मारलं तर दुसराही त्याच्यापुढे कर’ हे येशूचं वचन बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात आहे. तिथे मुद्दाम ‘उजव्या’ गालावर असं लिहिलंय. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं, तर हात उलटा करावा लागतो. ही चपराक दुखापतीपेक्षा अपमानासाठी असे. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमांच्या ग्रंथात साध्या थपडेला २०० झूझ (तेव्हाची चांदीची नाणी) भरपाई सांगितली आहे आणि उलट्या हाताच्या थपडेला ४००. म्हणून बरेच अभ्यासक या वचनाचा रोख अपमानाची परतफेड न करण्याकडे आहे असं मानतात. लूकच्या शुभवर्तमानात ‘उजवा’ हा शब्द नाही, तेव्हा सगळा भार त्यावर टाकू नये हे खरं. पण योहानाचा १८ वा अध्याय तर आहे! महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने दुसरा गाल पुढे केला नाही. माझं काय चुकलं ते दाखव, नसेल चुकलं तर मारतोस का, असा जाब विचारला. हात उगारला नाही, पण मुकाट सोसलंही नाही.

आता पोलीस. सूड घेऊ नका, वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, हे येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या ‘रोमकरांस पत्र’ याच्या १२ व्या अध्यायाच्या शेवटी लिहितो. व्हॉट्सॲपवरचा मजकूर असल्या वचनांपाशीच थांबतो. पुढच्याच परिच्छेदात, १३ व्या अध्यायाच्या सुरुवातीला, वाईट करणाऱ्याला शिक्षा देणं हे शासनाचं काम असल्याचं पौल सांगतो. सूड माझ्या हातातून काढून घेतलाय, न्याय नव्हे. फिलिप्पै या शहरात अधिकाऱ्यांनी चौकशीविना फटके मारून पौलाला आणि त्याच्या सोबत्याला तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा पौल अडून बसला: आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २३ जानेवारी १९९९ च्या पहाटे ओडिशातल्या मनोहरपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची १० व ६ वर्षांची मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि बारीपदाचं कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवलं. म्हणून खटला थांबला का? मुख्य आरोपी दारा सिंगला २००३ मध्ये फाशी सुनावली गेली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

राहिली कबुली. कॅथलिक शिकवणीत नुसतं तोंडाने सांगणं पुरत नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा तसं न करण्याचा निश्चय हवा आणि शक्य तेवढी भरपाईही: चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर ती दुरुस्त करणं. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने येशूपुढे फसवणुकीच्या चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं.

एक तक्रार मात्र रास्त आहे, आणि ती मजकुरात नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि नांदायला जा’ असं सांगणारे पाळक असतात. इथे क्षमा आणि समेट यांची गल्लत होते. क्षमा एकटी करता येते. समेटाला दुसऱ्याचा पश्चात्ताप लागतो. लूक १७:३ मध्येही नातं जुळण्याआधी पश्चात्ताप येतो: आधी दोष दाखव, पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. मत्तय १८ मधल्या पायऱ्या, म्हणजे आधी एकांतात बोलणं, मग एकदोन साक्षीदार, मग मंडळी (चर्चमधला समुदाय), या श्रद्धेने भाऊ असलेल्यांमधल्या अपराधासाठी आहेत. मारहाणीत त्यातली पहिली पायरी लावली तर बाई पुन्हा मारणाऱ्याच्या तावडीत एकटी सापडते. तिथे आधी सुरक्षित जागा आणि पोलीस, समेटाची बोलणी नंतर, आणि तीही तिला हवी असतील तरच.