नेत्यांच्या दालनात कोणाला प्रवेश असावा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

केवळ प्रसिद्धीच्या बळावर कलावंतांना राष्ट्रप्रमुखांच्या भेटी मिळणे लोकशाहीला धरून नाही, असे मी लिहिले होते. त्यावर आपण विचारता की, बोनो यांच्यासारख्या गायकाने शब्द टाकल्याने गरीब देशांची कर्जे माफ होत असतील आणि रुग्णांना औषधे मिळत असतील, तर त्यांना दार कोणी उघडले याची चिकित्सा हा पोट भरलेल्या माणसांचा तात्त्विक हट्ट नाही का? हा प्रश्न मला लागला, आणि तो लागावा असाच आहे.

आपले म्हणणे जिथे बरोबर आहे, तिथून सुरुवात करतो. परकीय मदतीचे कट्टर विरोधक असलेले अमेरिकी सिनेटर जेसी हेल्म्स यांना बोनो २००० साली भेटले; एड्सबाबत आपण फारच थोडे केले याची लाज वाटते, असे हेल्म्स यांनी २००२ मध्ये जाहीरपणे सांगितले. जानेवारी २००३ मध्ये अध्यक्ष बुश यांनी एड्सविरोधी कार्यक्रमासाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरची घोषणा केली. त्यामागे कारणे अनेक होती, पण या भेटींचा त्यात काहीच वाटा नव्हता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. माझ्या लेखात हे यायला हवे होते.

कर्जमाफीचे श्रेय मात्र आपण ज्यांना देता, त्यांच्या आधी ते इतरांचे आहे. १६ मे १९९८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये जी-८ या बड्या औद्योगिक देशांच्या गटाचे नेते जमले असताना गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी सुमारे ७०,००० माणसांनी हातात हात घालून साखळी केली होती. त्यांत बहुसंख्य चर्चची मंडळी आणि सामान्य कार्यकर्ते होते, ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. बोनो या चळवळीत आले ते त्यानंतर.

माझा खरा आक्षेप भेटीला नाही, भेटीनंतर कोणाच्या वतीने बोलले जाते याला आहे. २००५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे झालेल्या जी-८ परिषदेच्या अखेरीस, बोनो यांच्यासारखेच आफ्रिकेसाठी मोहीम चालवणारे गायक बॉब गेल्डॉफ यांनी जगभरच्या पत्रकारांसमोर नेत्यांना मदतीसाठी दहापैकी दहा आणि कर्जमाफीसाठी दहापैकी आठ गुण दिले. १८ देशांची सुमारे ४० अब्ज डॉलरची कर्जे रद्द होणार होती, ही लहान गोष्ट नव्हे. पण व्यापाराच्या अन्याय्य अटी जवळजवळ तशाच राहिल्या होत्या आणि वर्षभर राबलेल्या अनेक संस्था त्या निकालावर नाराज होत्या. त्यांची नाराजी त्या गुणांखाली झाकली गेली. आफ्रिकेची वार्षिक मदत २०१० पर्यंत २५ अब्ज डॉलरने वाढवण्याचे जे वचन पूर्ण गुणांस पात्र ठरले होते, ते मुदतीत पाळले गेले नाही. ज्याला कोणी निवडले नाही, त्याला परत येऊन कोणाला हिशेबही द्यावा लागत नाही. आणि नेत्यांना तर अशीच पावती सर्वांत सोयीची असते, कारण तिच्यावर पीडितांची सही लागत नाही.

म्हणून प्रसिद्ध व्यक्तीने एकट्याने आत जाऊ नये, ज्यांचा प्रश्न आहे त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवावे आणि यशापयशाचा निर्णय त्यांच्यावर सोडावा, एवढीच माझी मागणी आहे.

प्रसिद्ध चेहऱ्याशिवाय सामान्यांना कोण विचारतो, असे आपण शेवटी म्हटले आहे. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीबाधितांच्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या संघटनेला सरकार दाद देत नव्हते, तेव्हा ती न्यायालयात गेली, आणि आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणारे औषध सरकारी रुग्णालयांत उपलब्ध करून देण्याचा आदेश तिथल्या घटना न्यायालयाने जुलै २००२ मध्ये सरकारला दिला. संघटनेचे नेते झॅकी अख्मत स्वतः बाधित होते आणि सर्वांना मिळेपर्यंत आपण एचआयव्हीवरील औषधे घेणार नाही, या निश्चयावर अडून होते. त्यांनी ती घ्यावीत अशी विनंती करायला त्याच महिन्यात नेल्सन मंडेला स्वतः त्यांच्या घरी गेले.