107.4 वर बातम्या लागत नाहीत

30 एप्रिल 2024 ची रात्र. जर्सी सिटीतल्या स्वयंपाकघरात भांडी घासत होतो, कानात डब्ल्यूकेसीआर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं हे रेडिओ केंद्र, एरवी जाझसाठी ओळखलं जाणारं. त्या रात्री मात्र विशीतली पोरं धापा टाकत सांगत होती की पोलीस हॅमिल्टन हॉलमध्ये शिरतायत. गाझाच्या प्रश्नावर आंदोलन करणाऱ्यांनी ती इमारत ताब्यात घेतली होती. ऐकणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की केंद्राची वेबसाइटच बसली. मी ओल्या हातानं खाली गेलो आणि गाडीच्या रेडिओवर 89.9 लावलं.

बरोबर 56 वर्षांपूर्वी, 30 एप्रिल 1968 च्या पहाटे, पोलिसांनी याच आवारातल्या इमारती रिकाम्या केल्या होत्या. सातशेच्या आसपास अटका झाल्या. तेव्हाचं एक कारण व्हिएतनाम युद्धाशी जोडलेलं संशोधन, दुसरं शेजारच्या मॉर्निंगसाइड पार्कात विद्यापीठ बांधू पाहत असलेली व्यायामशाळा. टेकडीच्या माथ्यावरचं दार विद्यापीठाला, पायथ्याचं हार्लेमच्या काळ्या वस्तीला. वेगळं दार म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हॅमिल्टन हॉलला लागूनच हार्टली हॉल हे वसतिगृह आहे. 1913 साली बाबासाहेब कोलंबियात आले तेव्हा सुरुवातीला तिथेच उतरले होते.

1968 मध्येही हेच केंद्र आवारातून बोलत होतं. त्यामुळे आज एखादी मुलगी 1968 वर पॉडकास्ट करायला बसली तर तिला निव्वळ कुलगुरूंच्या पत्रकांवर अवलंबून राहावं लागत नाही. याच विद्यापीठात 1948 पासून मौखिक इतिहासाचं कार्यालयही आहे. माणसांना बसवून त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवणं, एवढंच त्याचं काम.

आता आपल्याकडे या. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. लाँग मार्च निघाला, माणसं मेली, आणि 14 जानेवारी 1994 ला नामांतराऐवजी नामविस्तार झाला, म्हणजे 'मराठवाडा' तसंच ठेवून त्याआधी बाबासाहेबांचं नाव जोडलं. सोळा वर्षं. एका विद्यापीठाच्या इतिहासात याहून मोठं काय असतं? पण त्या वर्षांत वसतिगृहात, मेसमध्ये, परीक्षेच्या रांगेत काय बोललं जात होतं, ते ऐकायचं कुठे? चळवळीतल्यांनी लिहिलं, शाहिरांनी गायलं, म्हणून निदान एक बाजू उरली. बाकीच्यांनी तोंड मिटून घेतलं.

गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद बारमाही चालतो: पोरांनी शिकावं, राजकारण कशाला? माझं म्हणणं त्याआधीचं आहे. पुण्याच्या विद्यापीठात विद्यावाणी हे 107.4 वरचं स्वतःचं केंद्र आहे. चांगलं चालतं. पण आपल्या सरकारी नियमांनुसार कम्युनिटी रेडिओला, म्हणजे अशा छोट्या स्थानिक केंद्रांना, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. म्हणजे खिडकीखाली मोर्चा आला तरी आतली मुलं आरोग्यावर मुलाखत घेत बसणार. मग पन्नास वर्षांनी आपल्या हाती काय लागणार? सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, आणि तीत कुलगुरूंचा फोटो.

इथलं, अमेरिकेतलं, सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. त्या रात्री केंद्र चालू राहिलं, पण शंभरावर माणसं पकडली गेली आणि आवाराची फाटकं बाहेरच्यांना बंद झाली. पुढच्या वर्षी आंदोलनात दिसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द होऊ लागले. मी स्वतः एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. नदी ओलांडली की अर्ध्या-पाऊण तासात कोलंबिया, पण गेलो नाही. कुणी माझ्यासमोर माइक धरला असता तर मी नाव सांगितलं नसतं. तेव्हा पोरांना निर्भयतेचे धडे द्यायचा अधिकार मला नाही, तो मी वापरतही नाही.

एक मात्र सांगतो: पॉडकास्टला परवाना लागत नाही. 1978 ला विशीत असलेली माणसं आता सत्तरीच्या आसपासची आहेत. मोबाइल पुढ्यात ठेवा आणि विचारा. नामांतरवाद्यांना विचाराच, पण विरोधात उभे होते त्यांना आधी विचारा, कारण ते आपणहून बोलणार नाहीत.

आमच्या घरात असा एक आहे. माझा मामा तेव्हा औरंगाबादेत बी.ए. करत होता, नामांतराच्या विरोधात. गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर त्याला विचारलं.

"रेकॉर्ड करतोयस का रे?"

"हो मामा."

मग तो मेसच्या पातळ वरणाबद्दल बोलला, गॅदरिंगबद्दल बोलला, सायकल चोरीला गेली त्याबद्दल बोलला. पाव तास. एकदम थांबला.

"आता बंद कर ते."

बंद केलं. त्यानंतर तो चाळीस मिनिटं बोलला. ते इथे लिहीत नाही. परत विचारलंय त्याला, चालू ठेवू का म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर अजून निळ्या टिकाच आहेत.