आधी धुराडे, मग चूल

घरात लाकूड जाळायचे असेल तर चुलीच्या आधी धुराड्याचा विचार झाला पाहिजे, आणि धुराडे नीट काढता येत नसेल तर त्या खोलीत चूल, बंब किंवा शेगडी यांपैकी काहीही पेटवू नये, असे माझे ठाम मत आहे. मी घरबांधणीच्या व्यवसायात आहे आणि माझी बहुतेक कामे कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत होतात. तिथे थंडी आणि पाऊस दोन्ही भरपूर, सरपण अजूनही हाताशी, आणि घरे मात्र गेल्या काही वर्षांत पूर्णपणे बदललेली. या बदलाकडे जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे ना आम्ही बांधणाऱ्यांनी दिले, ना राहणाऱ्यांनी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

धुराड्याचा विषय काढला की, आमच्या आजीच्या घरी कुठे धुराडे होते, तरी चूल पेटतच होती ना, हे उत्तर हमखास मिळते. ते अर्धे खरे आहे. जुन्या घराला वेगळे धुराडे नव्हते, कारण सगळे छप्परच ते काम करत होते. रिपांवर नुसती मांडलेली कौले, त्यांच्यामधल्या सांदी, भिंत आणि वासे यांच्यामध्ये राहिलेली मोकळी जागा, यांतून धूर हळूहळू का होईना, वर निघून जात असे. त्या धुराने बायकांचे डोळे गेले, खोकला जन्माचा सोबती झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. तेव्हा त्या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र त्या छपराखाली रात्रीत माणूस गुदमरून जाण्याचा धोका कमी होता, कारण घर बंद होतच नव्हते.

आता त्याच जागेवर आरसीसी स्लॅब आला आहे. खिडक्या सरकत्या काचांच्या झाल्या, त्यांना डासांची जाळी बसली, दारे चौकटीत घट्ट बसू लागली. या सगळ्या सुधारणाच आहेत. पण चूल गेली नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के कुटुंबे स्वयंपाकाला गॅससारखे स्वच्छ इंधन वापरतात आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचा त्यात मोठा वाटा आहे. तरीही गॅस आहे म्हणजे चूल नाही, असा अर्थ काढणाऱ्याने एखाद्या गावात सकाळी सहा वाजता फिरून पाहावे. आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, भाकऱ्या आणि सणावाराचा मोठा स्वयंपाक यांसाठी लाकूड जळतेच, आणि पूर्वी परसात असलेली ही दुसरी चूल जागा अपुरी पडू लागल्यामुळे आत, न्हाणीघरात किंवा जिन्याखालच्या बोळात आली आहे.

यांत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती बंबाची. तांब्याचा बंब ही उत्तम वस्तू आहे, यात वाद नाही. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचा कप्पा. थोड्या करवंट्या आणि ढलप्या घातल्या की घरातल्या सर्वांचे पाणी तापते. पण त्या मधल्या नळीचे वरचे तोंड बंबाच्या डोक्यावरच उघडे असते, म्हणजे जळणाचा सगळा धूर बंब ज्या जागेत उभा आहे त्याच जागेत येतो. बंब अंगणात होता तोवर त्याने काही बिघडत नव्हते. चार फूट बाय सहा फुटांच्या, वरपर्यंत फरशी बसवलेल्या न्हाणीघरात तो ठेवला आणि थंडी येते म्हणून झरोक्यात गोणपाट कोंबले, की तीच वस्तू जीवघेणी होते.

लोकांची मोठी गफलत इथेच होते. ज्वाला असते तेव्हा धूर दिसतो, डोळे चुरचुरतात, माणूस आपोआप दार उघडतो. पाणी तापले, ज्वाला बसली, नुसते लालबुंद निखारे उरले, की धूर जवळजवळ दिसेनासा होतो आणि आता काही भीती नाही असे समजून माणूस कडी लावून आंघोळीला बसतो. प्रत्यक्षात निखाऱ्यांच्या या अवस्थेतच कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणावर तयार होत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतानाच शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग पायांतले बळ जाते, आणि धोका लक्षात येईपर्यंत कडी काढण्याइतकी ताकद हातात उरलेली नसते.

आमच्या परिचयातल्या एका घरी असेच घडले. कॉलेजात जाणारी मुलगी आंघोळीला गेली ती बाहेर येईना, म्हणून दार तोडले तर ती भिंतीला टेकून पडलेली होती. घरच्यांना वाटले फिट आली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी पित्त झाले असेल म्हणाले. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसत होता, त्यामुळे सगळे आणखीच निर्धास्त झाले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “न्हाणीत काय पेटलं होतं?” त्या एका प्रश्नामुळे तिला वेळेवर प्राणवायू लागला आणि ती वाचली. साधा ऑक्सिमीटर प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यातला फरक ओळखू शकत नाही, ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. अशा माणसाला आधी उघड्या हवेत आणावे, लगेच दवाखान्यात न्यावे आणि घरात काय जळत होते ते न विचारताही डॉक्टरांना सांगावे.

आता धुराडे आहे, पण चुकीचे आहे, अशा घरांविषयी. आपल्याकडे निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या अखेरीस सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या आरती या संस्थेने आपल्याकडच्या स्वयंपाकाला साजेशा चुलींवर मनापासून काम केले. तरीही त्या काळातल्या कितीतरी चुली काही वर्षांतच मोडल्या किंवा अडगळीत गेल्या. ओडिशात पुढे झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हेच दिसले: सुधारित चुलीमुळे पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला, पण चार वर्षांच्या अवधीत तो फायदा टिकला नाही, कारण चुलींची दुरुस्ती आणि नियमित वापर होत नव्हता. यावरून बायकांना नवे काही नको असते असा निष्कर्ष काढणारी माणसे मला भेटली आहेत आणि त्यांचा मला राग येतो. चूल बसवून फोटो काढून गेलेला माणूस नळी साफ कशी करायची हे सांगायला परत आला नाही, हा दोष चुलीपाशी बसणाऱ्या बाईचा कसा?

मी पाहिलेल्या धुराड्यांतल्या चुका बहुतेक सारख्याच असतात. नळी भिंतीतून आडवी बाहेर काढायची आणि पागोळीच्या खालीच सोडून द्यायची, ही सर्वांत नेहमीची. धुराडे धूर ओढते ते आतली हवा गरम असल्यामुळे आणि नळीला उभी उंची असल्यामुळे. उंचीच दिली नाही तर ओढ कुठून येणार? शिवाय पागोळीखाली सोडलेला धूर शेजारच्या खिडकीतून पुन्हा घरात शिरतो. दुसरी चूक म्हणजे शिल्लक होता तो पाइप वापरायचा, मग तो चुलीच्या तोंडापेक्षा अरुंद का असेना, आणि वाटेत दोन-तीन बाक द्यायचे. प्रत्येक बाकाशी काजळी साठते. दोन वैलांच्या, म्हणजे भांडी ठेवायची दोन तोंडे असलेल्या चुलीत मागचा वैल उघडा ठेवला तरी ओढ तुटते, ही गोष्ट वापरणाऱ्यांना कुणी समजावून सांगितलेलीच नसते. आणि अलीकडची चूक एक्झॉस्ट पंख्याची. खिडक्या बंद ठेवून पंखा लावला की त्याला हवा कुठून तरी खेचावी लागते. ती धुराड्यातून खाली येते आणि सगळा धूर खोलीत उलटतो. जळणाला आत येणारी ताजी हवा लागतेच, ती दाराखालच्या फटीतून येवो किंवा मुद्दाम ठेवलेल्या झरोक्यातून.

आगीचा धोका वेगळा, आणि तो पैसेवाल्यांच्या घरांत अधिक दिसतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे किंवा मुळशी-लोणावळ्याच्या फार्महाऊसमध्ये हौसेने लोखंडी स्टोव्ह बसवतात, तो भिंतीवरच्या लाकडी फळ्यांना जवळजवळ टेकवून, आणि एकेरी पत्र्याची नळी लाकडी छतातून थेट वर काढतात. वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड आतून कोळपत जाते आणि मग पूर्वीपेक्षा कमी उष्णतेलाही पेट घेते, म्हणून आजवर काही झाले नाही हे सुरक्षिततेचे प्रमाण नव्हे. ओले सरपण धुमसत ठेवले तर थंड नळीच्या आतून डांबरट थर जमतो, आणि तो एकदा पेटला की नळीच जळू लागते. अमेरिकेत, जिथे असे स्टोव्ह सर्रास आहेत, धुराडे छपरातून निघते तिथून किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या परिसरातल्या कुठल्याही भागापेक्षा किमान २ फूट उंच असावे, असा नियम आहे. प्रमाणित नसलेला स्टोव्ह जळाऊ भिंतीपासून ३६ इंच दूर ठेवावा लागतो आणि धुराड्याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी असे सांगितले जाते. तिकडे जुनी घरे घेतलेल्या आपल्या मराठी मंडळींनी पहिली थंडी पडण्याआधी ही तपासणी जरूर करून घ्यावी आणि झोपण्याच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. तो अलार्म आता आपल्याकडेही मिळतो. मात्र तो लावला म्हणून बंद खोलीत शेगडी ठेवायला मोकळीक मिळत नाही. झोपताना खोलीत निखारे ठेवणे ही गोष्ट कोणत्याही सबबीवर मान्य करू नये.

माझी खरी तक्रार आमच्या व्यवसायाकडे आणि घरकुलांचे नकाशे मंजूर करणाऱ्या यंत्रणेकडे आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात किमान २५ चौरस मीटर जागेत स्वच्छ स्वयंपाकाची स्वतंत्र जागा धरलेली आहे, ही चांगली तरतूद आहे. पण त्या ओट्यावर गॅसच राहील असे गृहीत धरले जाते आणि सिलिंडर संपला की तिथेच तीन विटा मांडून चूल पेटते. लोक जे करणारच आहेत ते नकाशात दिसले पाहिजे.

ज्यांच्या घराचे काम सध्या चालू आहे त्यांनी स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी सळईच्या जाळीत, तुळईपासून दूर, चुलीच्या किंवा बंबाच्या जागेच्या बरोबर वर, नियोजित नळीपेक्षा मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा उभा ठेवून घ्यावा, आणि तो स्लॅबच्या वर वीतभर राहील अशा बेताने त्याच्याभोवती कठडा करून घ्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही. त्याला लागणारा खर्च एका पाइपाच्या तुकड्याचा आहे. हेच भोक नंतर पाडायचे तर मशीन आणावे लागते, सळई तुटते, गळती लागते, आणि म्हणून कुणी ते पाडत नाही. गवंडी म्हणेल गॅस आहे, कशाला हवे. तरी ठेवायला लावा.