ऑक्सिमीटरवर 98 म्हणजे हिमोग्लोबिन फुल? अजिबात नाही

आमच्या साताऱ्यातल्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. "ऑक्सिमीटरवर 98 आलं म्हणजे हिमोग्लोबिन फुल, रक्त तपासायला पैसे घालवू नका. रक्त लाल असतं कारण त्यातलं लोखंड ऑक्सिजनने गंजतं. दहा मिनिटं जोरजोरात श्वास घ्या, ऑक्सिजन डबल. बंद खोलीत शेगडी असली तरी आकडा 95 च्या वर असेल तर काळजी नको." मी इथंच एका लॅबमध्ये रोज सीबीसी (हिमोग्लोबिन मोजणारी रक्ततपासणी) लावतो, त्यामुळं गप्प बसवेना.

आधी ते 98. रक्तातला ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे प्रोटीनच्या चार साखळ्या, दोन अल्फा दोन बीटा, प्रत्येकीत हीम नावाचा एक भाग आणि त्याच्या मधोमध लोखंडाचा एक अणू, म्हणजे ऑक्सिजनला चार सीट. ऑक्सिमीटर एवढंच सांगतं की आहेत त्यातल्या किती टक्के सीट भरल्यात, गाड्या, म्हणजे हिमोग्लोबिनच मुळात किती आहे, ते त्याला कळतच नाही. 1 ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिली ऑक्सिजन धरतं, म्हणजे 14 हिमोग्लोबिनवाल्याच्या (100 मिली रक्तात 14 ग्रॅम) तेवढ्याच रक्तात 18 मिलीच्या वर आणि 7 वाल्याच्या रक्तात जेमतेम 9, आणि दोघांच्याही बोटावर 98! माझ्या मावशीला जिना चढताना धाप लागायची, ऑक्सिमीटर 99 दाखवतंय म्हणून आम्ही दोन महिने घालवले, सीबीसी केली तर 6.8. घरातल्या बायकांचं 12 च्या खाली असेल तर कृपा करून डॉक्टरांना दाखवा.

गंजायचं म्हणाल तर गंजलेलं लोखंड घेतलेला ऑक्सिजन परत देत नाही, हिमोग्लोबिन फुप्फुसात घेतं आणि पेशींपाशी सोडतं. त्यातल्या लोखंडाचं खरंच ऑक्सिडेशन झालं तर मेथहिमोग्लोबिन होतं, चॉकलेटी रंगाचं, ते ऑक्सिजन धरतच नाही.

आता श्वास. वडापच्या रिकाम्या जीपमध्ये पहिला माणूस बसायला का-कू करतो, एक बसला की बाकीचे पटापट येतात, तसंच इथं पहिला ऑक्सिजन बसला की रेणूचा आकारच बदलतो आणि पुढच्यांना बसणं सोपं जातं (हिमोग्लोबिनची रचना मॅक्स पेरुत्झ या शास्त्रज्ञांनी एक्स-रे वापरून उलगडली, 1962 चं नोबेल त्यालाच). त्यामुळं धडधाकट माणसाच्या फुप्फुसातून रक्त निघतं तेव्हाच 95 टक्क्यांच्या वर सीट भरलेल्या असतात, मग डबल होणार कुठनं? आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते उतरायचं. यवतेश्वरचा घाट पळत चढताना पोटऱ्या तापतात, तिथं कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढतं, आणि नेमकं त्यामुळंच हिमोग्लोबिनची पकड सैल होते, जिथं गरज तिथंच ऑक्सिजन उतरतो. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम डॅनिश शास्त्रज्ञ क्रिस्तियान बोर यांनी 1904 मध्येच दाखवलाय. जोरजोरात श्वास घेऊन तो कार्बन डायऑक्साइड घालवला तर पकड उलट घट्ट होते, वर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चक्कर येते. निवांत प्राणायाम करा की, पण आकडा डबल करायला नको.

शेगडीचं वाक्य मात्र जीवघेणं आहे, महाबळेश्वर-पाचगणीकडं थंडीत हा प्रकार चालतो म्हणून कळकळीनं सांगतो. कोळशातनं निघणारा कार्बन मोनॉक्साइड त्याच सीटवर बसतो, ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट, आणि उरलेल्या सीटवरचा ऑक्सिजनही नीट सुटू देत नाही. साध्या ऑक्सिमीटरला हे दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळं माणूस गुदमरत असला तरी आकडा 98 दिसू शकतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आकडा बघत बसू नका, सगळ्यांना उघड्यावर न्या, लगेच दवाखाना गाठा आणि शेगडी पेटवली होती हे डॉक्टरांना आधी सांगा.