‘सहा महिने थांबा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मंगळवारी सिडकोत मामीकडे गेले, तर तिने दारातच फोन पुढे केला. फॅमिली ग्रुपवर मेसेज आला होता: एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, म्हणून घाई नको, सहा महिने पथ्य करून बघा. स्टेरॉइड म्हणजे विष. केस रिपोर्ट म्हणजे एकेका पेशंटच्या गोष्टी. आणि आजाराचं मूळ डाएट कोल्ड्रिंकमध्ये.

माझ्या मामेबहिणीला हाच आजार आहे. तिला सलाइनमधून स्टेरॉइडचे पाच डोस द्यायचे ठरलेत, त्यातले दोन झालेत. मामी हळूच म्हणाली, “तिसरा थांबवायचा का गं?” तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

बहुतेकांचा एमएस येतो-जातो, हे खरं. साधारण ८५ टक्के लोकांना आधी अटॅक येतो, मग बरं वाटतं. पण सगळ्यांचं तसं नसतं. व्हिएन्नाच्या ऑटो मारबुर्ग यांनी १९०६ मध्ये तीस वर्षांच्या एका बाईची नोंद केली. डोकेदुखी, उलट्या, भ्रमिष्टपणा, मग डावी बाजू लुळी. २६ दिवसांत ती गेली. एमएसच्या या झपाट्याने भडकणाऱ्या प्रकाराला आजही मारबुर्ग यांचंच नाव आहे. तिने सहा महिने कुठून आणायचे होते? माझ्या मामेबहिणीच्या एमआरआयमध्ये दोन सेंटिमीटरहून मोठा डाग आहे, गाठच वाटावी असा. गुरुवारी तिच्या डाव्या हातातून पोह्यांची ताटली निसटली. रविवारी तिला केसांना क्लिप लावता येईना. मधे फक्त तीन दिवस गेले होते.

आणि केस रिपोर्टला गोष्टी म्हणणाऱ्यांनो, वर सांगितलेली नोंद एकाच बाईची आहे. १९२८ मध्ये हंगेरीच्या योझेफ बालो यांनी कायद्याच्या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या मेंदूत कांद्याच्या चकतीसारखी वलयं पाहिली, तीही शवविच्छेदनात. पुढे एमआरआय आला, तीच वलयं जिवंत माणसांत दिसू लागली, आणि एकेका पेशंटच्या नोंदींतूनच कळलं की वेळेत उपचार मिळाले तर यातले कितीतरी जण वाचतात. एमएसच्या इतक्या दुर्मिळ प्रकारांत चाचणीला शंभर पेशंट कुठून जमवणार? एका केस रिपोर्टवरून औषध सिद्ध होत नाही, हे मान्य. पण डॉक्टरला आधी ओळखू तर येतं, समोर काय आहे ते!

स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, खरं आहे. इथे रोज एक ग्रॅम, पाच दिवस, तेही शुगर तपासत. त्याने भागलं नाही तर रक्तातला प्लाझ्मा बदलतात. पथ्यावर सोडून देत नाहीत.

कोल्ड्रिंकची अफवा तर १९९० च्या दशकात इंग्रजी ईमेलवर फिरत होती. तेव्हाही पुरावा नव्हता.

तिसरा डोस काल लागला. चौथा आज अकरा वाजता आहे, आणि मामी माझ्याबरोबर येतेय.