हम्बोल्टचा पोपट आणि ते चाळीस शब्द

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर माझ्या भाच्याने मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणासाठी निवडला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मजकूर असा: १८०० साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्टला दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीकाठी एक पोपट भेटला, मायपुरे जमात शत्रूंनी कापून काढली होती आणि तिची भाषा बोलणारा तोच उरला होता, हम्बोल्टने त्याच्याकडून चाळीस शब्द उतरवून घेतले आणि त्या भाषेचे आज तेवढेच शिल्लक आहे.

पोपट होता, हे मान्य करावे लागते. हम्बोल्टच्याच प्रवासवर्णनात तो आहे, पण ओझरता. मायपुरेस गावी एक म्हातारा पोपट दाखवण्यात आला आणि तो आतुरेस या दुसऱ्याच जमातीची भाषा बोलत असल्याने त्याचे बोलणे कळत नाही, असे गावकऱ्यांनी सांगितले, एवढेच. म्हणजे भाषासुद्धा मायपुरे नव्हे.

खरा कहर चाळीस शब्दांचा आहे. पोपट आवाजाची नक्कल करतो, अर्थ सांगत नाही. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ती भाषा येत नसेल, तर कोणता आवाज पाण्याचा आणि कोणता शिवीचा, हे हम्बोल्टला सांगणार कोण? एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हेही त्याला ठरवता आले नसते.

मायपुरे भाषेची नोंद तर हम्बोल्ट तिथे पोहोचण्याआधीच छापून झाली होती. फिलिप्पो साल्वातोरे जीली हा जेझुइट या कॅथलिक संघाचा इटालियन पाद्री १७४९ पासून जवळजवळ अठरा वर्षे ओरिनोकोकाठी राहिला आणि ती भाषा बोलणाऱ्यांकडूनच शिकला. स्पेनच्या राजाने १७६७ मध्ये जेझुइटांना हाकलून दिल्यावर तो इटलीत परतला आणि १७८० ते १७८४ या काळात त्याने चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात मायपुरेचे शब्द आहेत आणि व्याकरणही आहे. दूर बोलिव्हियातील मोहो भाषेशी तिचे नाते आहे, हेही त्यानेच ओळखले. पुढे आरावाक या दक्षिण अमेरिकेतल्या भाषाकुलाची मांडणी झाली ती याच निरीक्षणापासून. हे सारे त्याला ज्यांनी शिकवले, ती माणसे या मजकुरात पक्ष्यामागे पुसली जातात, आणि मला खोट्या आकड्यापेक्षा तेच अधिक खुपते.

राहिली कत्तल. आतुरेस लोक कॅरिब या शत्रू जमातीच्या भीतीने धबधब्याजवळच्या खडकांत पळून गेले आणि तिथेच संपले, ही आख्यायिका हम्बोल्टने नोंदवली आहे खरी. परंतु आतुरेसच्या मिशनमध्ये, म्हणजे पाद्र्यांनी वसवलेल्या वस्तीत, त्याला स्वतःला जेमतेम ४७ माणसे आढळली, आणि लोकसंख्येतल्या त्या घटीची चर्चा करताना तो तिथल्या तापाबद्दलही लिहितो.