पाठ टेकल्यानंतरचं शिकवा : एमएमएकडे निघालेल्या आपल्या पैलवान मुलींसाठी

मार्च २०२३मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. जून २०२४मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलमध्ये पूजा तोमर यूएफसी या अमेरिकी कंपनीच्या एमएमए स्पर्धेत (मिक्स्ड मार्शल आर्ट्स : ठोसे, लाथा, कुस्ती, फास सगळं चालणारी, जाळीच्या पिंजऱ्यातली लढत) जिंकली. तिथं जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. दोन बातम्यांत जेमतेम सव्वा वर्ष. पहाटे जोर काढणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीनं या दोन्ही मोबाइलवर पाहिल्यात, आणि आता ती घरी विचारते, मी एमएमएला जाऊ का?

जरूर जाऊ दे. पण पाठवण्याआधी तिच्या वस्तादांनी आणि आईवडिलांनी काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. पट काढणं (पाय धरून पाडणं), पकड, मानेची ताकद, पहाटे उठायची सवय, हे सगळं आपल्या मुलींकडे तयार आहे. एक सवय मात्र त्यांना पिंजऱ्यात हरवते, आणि ती सवय आपणच त्यांच्या अंगात भिनवलेली असते.

पाठ.

कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपली. त्यामुळे खाली आलेली मुलगी विचार न करता गर्रकन पालथी होते. दहा वर्षं हेच केलेलं असतं, डोक्यानं ठरवण्याआधी अंगच वळतं. एमएमएमध्ये पालथं होणं म्हणजे आपली पाठ समोरचीच्या हवाली करणं. ती मागून पाय अडकवते, एक हात हनुवटीखालून सरकवते, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की आठ-दहा सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळात टॅप करायचा असतो, म्हणजे हातानं थोपटून हार मानायची असते. इथं दुसरी अडचण येते. मातीत टॅप नावाची गोष्टच नाही, त्यामुळे मुलींना त्याची लाज वाटते. सरावात टॅप न केल्यानं कोपराचे लिगामेंट फाटले तर लढत सोडाच, कित्येक महिने साधी पाण्याची बादली उचलता येत नाही.

उलटही घडतं. वर बसलेली कुस्तीतली मुलगी निश्चिंत होते, कारण तिच्या हिशेबानं ती जिंकलेली असते. वन चॅम्पियनशिप या सिंगापूरच्या एमएमए कंपनीच्या ग्रां प्री स्पर्धेची डिसेंबर २०२१ची रितू फोगटची अंतिम लढत काढून पाहा. रितू फोगट घराण्यातली, २०१७मध्ये २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलेली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, मूळची मुए थाय या थायलंडच्या लाथा-ठोशांच्या खेळातली, म्हणजे कुस्ती तिचं घर नव्हे. दुसऱ्या फेरीत स्टॅम्प खाली पाठीवर होती आणि तिथूनच तिनं रितूचा हात पायांत धरून आर्मबार लावला, म्हणजे कोपर उलटं ताणलं. त्याआधी २०१७ साली मुंबईचा भरत खंडारे, तोही कुस्तीतला, यूएफसीत करार मिळवणारा पहिला भारतीय, शांघायमध्ये पहिल्याच फेरीत गिलोटिनवर, म्हणजे समोरून मान काखेत धरून आवळलेल्या फासावर, हरला. पूजाही मार्च २०२५मध्ये लंडनला आर्मबारवरच हरली. तीन लढती, तिन्ही सांधा किंवा गळा अडकून गेलेल्या. ठोसा खाऊन कुणीच पडलं नाही.

त्यामुळे 'पोरीला बॉक्सिंग लावा, झालं' हा सल्ला मला अपुरा वाटतो. बॉक्सिंग हवंच, पण जुजुत्सू (जमिनीवर फास लावण्याचा, सांधे अडकवण्याचा खेळ) आधी.

गिलोटिनचं थोडं खोलात सांगतो, कारण तो थेट आपल्या पटावर बसतो. एकेरी पट काढताना कितीतरी मुलींचं डोकं खाली जातं, नजर जमिनीकडे असते, मान समोरचीच्या काखेत येते. मॅटवर याची शिक्षा फार तर गुण गमावणं. पिंजऱ्यात तीच मान दोन हातांत सापडते. दुरुस्ती सोपी आहे, सवय लागायला मात्र चार-सहा महिने जातात. डोकं आतल्या बाजूला, कान समोरचीच्या छातीला चिकटलेला, नजर वर, पाठ सरळ. मान अडकलीच तर आधी दोन्ही हातांनी तिचा गळ्याखालचा मनगट धरून खाली ओढायचा, आणि शरीर मान ज्या बाजूला अडकली असेल त्याच्या विरुद्ध बाजूला न्यायचं. चुकीच्या बाजूला गेलं की फास आणखी आवळतो, आणि घाबरलेली मुलगी नेमकी तिकडेच जाते.

वर असताना हात वाचवायचा नियमही एवढाच नेमका आहे. कोपरं स्वतःच्या बरगड्यांजवळ ठेवायची, तळहात मॅटवर टेकवायचा नाही, एक हात आत आणि एक बाहेर असं कधी सोडायचं नाही. कुस्तीत दाबून धरायला आपण हात लांब पसरतो. तो पसरलेला हातच आर्मबारला हवा असतो.

आता उभं राहणं. उजव्या हाताची पैलवान बहुधा उजवा पाय पुढे ठेवते. ठोसे मारायला मात्र उजव्या हातवाल्या मुलीला डावा पाय पुढे ठेवून शिकवतात. बदलायचं की नाही? माझ्या मते बदलू नये. पटाचा पाय पुढेच राहू द्या आणि तिला डावखुऱ्यासारखं उभं राहून लढायला शिकवा, तिचा जोरदार हात पुढे राहील. वस्तादांचं यावर वेगळं मत असू शकतं. मात्र पुढच्या पायावरचा भार कमी करावाच लागतो. कुस्तीतली मुलगी वाकून, पुढच्या पायावर रेलून उभी राहते आणि समोरची गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला लाथ मारते. तिथं हाडाला लागून एक नस जाते. दोन-तीन लाथा नेमक्या बसल्या की पाऊल वर उचलेनासं होतं, पाय फरफटतो आणि पट काढायला लागणारा रेटाच संपतो. लाथ येताना पाय किंचित उचलून नडगी बाहेर वळवायची, एवढाच उपाय. तो शेकडो वेळा करून घ्यावा लागतो. वाकलेल्या डोक्याला खालून गुडघा बसतो तो वेगळाच.

पकडीचंही तसंच. लाल मातीत घाम माती पिते, पंजा घट्ट बसतो. पिंजऱ्यात माती नाही, दुसऱ्या फेरीला दोघींची अंगं घामानं तेलकट झालेली असतात, हातात चार औंसाचे ग्लोव्ह्ज असतात आणि जाळी धरली की पंच ओरडतात. मनगटाच्या पकडी तिथं निसटतात. म्हणून हात गुंफून, काखेतून अंग चिकटवून धरायच्या पकडी वाढवाव्या लागतात. जाळीचा फायदाही आहे. मोकळ्या जागेत पट चुकवून मागे पळता येतं, जाळीला टेकलेल्या मुलीला ती सोय नसते. तिला जाळीवर रेटून गुडघ्यांमागे दोन्ही हात जुळवून दुहेरी पट काढणं हा आपल्या मुलींचा हुकमाचा डाव होऊ शकतो.

आणि पाडलं की गुण मिळाले, हा हिशेब विसरा. मॅटवर टेकडाउनचे दोन गुण ठरलेले. एमएमएत प्रत्येक फेरीला पंच दहापैकी गुण देतात आणि आधी बघतात तो परिणाम : मार किती बसला, फास किती धोक्याचा होता. पाडून नुसतं धरून ठेवलं तर फेरी हातातून जाऊ शकते. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट, किताबाची लढत असेल तर पाच फेऱ्या. आपली मुलगी तीन मिनिटांच्या दोन डावांची सवय घेऊन येते. पहिली फेरी गाजवते, दुसरीत हात खाली येतात. हजार बैठका मारणारीलाही हे होतं, कारण बैठकांची लय एकसारखी असते आणि लढतीची नसते. पाच मिनिटं चढ-उतारानं झटायचं, एक मिनिट थांबायचं, असे चार-पाच डाव आठवड्यातून दोनदा. त्याहून जास्त केलं तर शरीर भरून येत नाही.

वजनावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. यूएफसीत बायकांचे चालते गट ५२.२, ५६.७ आणि ६१.२ किलोचे. आपले कुस्तीचे ५३, ५७ आणि ६२. वरवर बघता ५३ची मुलगी ५२.२ला सहज बसेल असं वाटतं. फसगत इथंच होते. कुस्तीत त्याच सकाळी वजन होऊन लढायचं असतं, दुसऱ्या दिवशी लढत असेल तर पुन्हा काटा. विनेशचं पॅरिसला काय झालं, १०० ग्रॅमनी काय हिरावलं, ते सगळ्यांना माहीत आहे. व्यावसायिक एमएमएत वजन बहुधा आदल्या दिवशी सकाळी होतं आणि पुन्हा होत नाही. म्हणून समोरची ५८-५९ किलोची मुलगी पाणी काढून ५२.२वर येते आणि लढतीला पुन्हा ५७-५८ची होऊन उतरते. तुमची मुलगी एरवी ५४ची असेल तर ती तीन-चार किलोनं लहान ठरते. ५०च्या गटात खेळणाऱ्या मुलीनं तर वजन काढायच्या फंदातच पडू नये, आधी दोन वर्षं ताकद वाढवावी.

काढायचंच असेल तर आठ आठवडे आधीपासून आहारानं, आणि शेवटच्या आठवड्यात पाण्याचं वजन शरीराच्या पाच टक्क्यांच्या आत. शेवटचे तीन दिवस भाकरी, पालेभाज्या, कडधान्य कमी, म्हणजे आतड्यातलं वजन उतरतं. मीठ कमी. गरम पाण्यात बसणं दहा-दहा मिनिटांचं, शेजारी कुणीतरी हवंच, एकटीनं कधीच नाही. रबरी सूट घालून उन्हात पळवणं, थुंकवणं, लघवीची गोळी देणं हे तालमीतले जुने प्रकार बंद करा. ती गोळी उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे, आणि तिच्यामुळे क्षार बिघडून हृदयाचे ठोके चुकतात. डिसेंबर २०१५मध्ये वन चॅम्पियनशिपचा चिनी लढवय्या यांग जियान बिंग वजन काढतानाच गेला. त्यानंतर त्या कंपनीनं पाणी काढून वजन उतरवायला बंदी घातली आणि लघवी तपासून अंगात पाणी पुरेसं आहे का हे बघायला सुरुवात केली. मला ती पद्धत सगळ्यांनीच घ्यावी असं वाटतं.

काट्यावरून उतरल्यावर आधी ओआरएस, घोटघोट. जेवढं वजन घटलं त्याच्या दीडपट पाणी काही तासांत विभागून. मग मऊ भात, केळी, बटाटा. उतरल्या उतरल्या मटणाचं ताट समोर ठेवू नका, पोट ते घेत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वस्तादांना बोलायला अवघड जाते, पण ती बोललीच पाहिजे. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं आणि काटा एखाद-दोन किलो वर दाखवतो. ते चरबीचं वजन नसतं. तारखा वहीत लिहून ठेवा आणि लढत स्वीकारतानाच जुळवून बघा. सलग तीन महिने पाळी आली नाही तर बऱ्याचदा कारण मुलगी कमी खातेय हे असतं. हाडं ठिसूळ व्हायला लागतात, दुखापत भरत नाही. सराव कमी करून डॉक्टरांकडे न्या. लोह दर सहा महिन्यांनी तपासा. लढतीआधी एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी, डोळे आणि गरोदरपणाची चाचणी मागितली जाते. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, मुलीच्या जिवासाठीच ते असतं.

डोक्याच्या माराबद्दल तडजोड नको. पूर्ण जोराचं स्पॅरिंग (सरावाची लढत) आठवड्यातून एकदाच, १६ औंसाच्या ग्लोव्ह्जनी, बरोबरीच्या वजनाशी. तालमीत मुली कमी असतात म्हणून तिला ७० किलोच्या पोराशी ठोशांवर सोडतात, ते अजिबात करू नका. त्याच पोराशी कुस्ती खेळू दे, ठोसे नाही. मार लागून डोकं दुखलं, मळमळलं, उजेड सहन झाला नाही, तर लक्षणं पूर्ण जाईपर्यंत अंगाला हात लावायचा नाही.

पैसा. यूएफसीत नवखीला साधारण दहा-बारा हजार डॉलर लढल्याचे आणि जिंकली तर तेवढेच आणखी. हरली तर निम्मेच. लढत अमेरिकेत असेल तर ३० टक्के कर तिथंच कापून घेतात, त्याचं श्रेय इथं भारतातल्या विवरणपत्रात मागता येतं, कागद जपून ठेवा. मॅनेजर आणि प्रशिक्षकाचा वाटाही त्यातूनच जातो. उरलेल्यातून आठ-दहा आठवड्यांच्या तयारीचा खर्च. पूजा बालीत राहून तयारी करते, रितू सिंगापुरात राहिली. वर्षाला दोन लढती मिळाल्या तर नशीब. आणि हे सगळं तिथं पोहोचल्यावरचं. पूजा यूएफसीत गेली तेव्हा तिच्या नावावर आठ विजय आणि चार पराभव होते, म्हणजे कितीतरी वर्षं ती लहान रकमांवर लढत होती.

म्हणून कुस्ती लगेच सोडू नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं पदक लागतं. खासगी कंपनीची लढत जिंकल्याचा कागद तिथं कामाला येत नाही. आधी कुस्तीचं पदक आणि प्रमाणपत्र घरी आणा. २०२६च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेत एमएमए पहिल्यांदा आलंय, त्यामुळे हौशी गटाकडेही लक्ष ठेवा.

करार समोर आला तर सहीआधी वकिलाला दाखवा. किती वर्षं दुसरीकडे लढता येणार नाही, किताब जिंकला तर करार आपोआप लांबतो का, दुखापतीचा खर्च कुणाचा, सोबतच्या प्रशिक्षकाचं तिकीट कोण काढणार, वजन चुकलं तर किती कापणार (साधारण २० टक्के समोरचीला जातात). हे पाच प्रश्न तोंडी उत्तरावर सोडायचे नाहीत, कागदावर बघायचे.

साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर, शनिवार-रविवार जाऊन जुजुत्सू शिकता येतं. सांगलीकरांना ते लांब पडतं. त्यांनी महिन्यातून तीन-चार दिवस सलग राहून शिकावं आणि घरी घोटावं. अठराव्या वर्षी सुरुवात, पाच-सात हौशी लढती, एकविशी-बाविशीत पहिली व्यावसायिक लढत, हा वेग मला बरोबर वाटतो.

आणि वस्ताद, एक काम पैशाशिवाय उद्यापासून करता येईल. आठवड्यातून तीन संध्याकाळी, नेहमीचा सराव झाल्यावर, वीस मिनिटं. मुलीला मॅटवर पाठीवर झोपवा, दुसरी वर. तीन मिनिटांचा डाव, पालथं व्हायला बंदी. खालून गुडघा मध्ये घालायचा, एक हात काखेतून आत, कूस वळवून कोपरावर उठायचं, तिथून तळहातावर, आणि मग उभं राहायचं. जमलं नाही तर पुन्हा पाठीवरून सुरू. पहिले दोन महिने मुली चिडतील, रडतीलही, कारण पाठ टेकली की त्यांना हरल्यासारखं वाटतं. तेव्हा बाजूला बसून मोठ्यानं फक्त वेळ मोजा आणि पालथी झाली की थांबवा.